किशोर म्हणजे नक्की कोण? मुलग्यांच्या गटांची पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलग्यांना मोकळं बोलता यावं म्हणून आठवड्याला बसणाऱ्या गटांची ही पार्श्वभूमी, सोलापूरच्या जुन्या दिवसांपासून. तालमीत वयाचा दाखला कुणी मागत नसे. पोराचे खांदे आणि दम बघून वस्ताद जोड ठरवायचा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, मानाच्या सात काठ्यांचंही तसंच: संक्रांतीआधी सराव, तोल जमला की काठी धरणाऱ्याचा पांढरा पोशाख, बाराबंदी. गिरणीत मागावरही तेच: आधी कांड्या भरायच्या, मग तुटलेली तार जोडायची, मग जॉबरच्या (मागांवरच्या मुकादमाच्या) हाताखाली उभं राहायचं. नव्वदच्या दशकात मोठ्या गिरण्या थंडावल्या, काम यंत्रमागाच्या शेडमध्ये विखुरलं. बाप बारा तासांच्या पाळीला, पोरगा नाक्यावर.

सरकारी योजना आधी मुलींकडे वळल्या (2010 ची ‘सबला’ 11 ते 18 च्या मुलींसाठी होती) आणि ते रास्तच होतं. मुलगे ठळकपणे आले ते 2014 च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात.

खरा गुंता ‘किशोर’ या शब्दाचा. आरोग्य खातं 10 ते 19 धरतं. 1948 चा कारखाना कायदा 15 ते 18 धरायचा, तर 2016 नंतरचा बालकामगार कायदा 14 ते 18 धरतो. बाल न्याय कायद्यात 1986 साली मुलग्याची मर्यादा 16 आणि मुलीची 18 होती. 2000 साली दोघांची 18 झाली. 2015 साली 16 पूर्ण झालेल्यावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. मत अठराव्या वर्षी, मुलग्याचं लग्न मात्र एकविसाव्या.

यात सर्वांत वादग्रस्त ठरला 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. संमतीचं वय 16 वरून 18 झालं, त्यामुळे सतरा वर्षांच्या दोघांचं राजीखुशीचं प्रकरणही गुन्हा ठरतं आणि बहुधा मुलगाच आरोपी होतो. अत्याचार रोखायला कायदा हवाच. पण ही टोकदार बाजू मुलग्यांना आधी समजावून सांगितली जात नाही, ही आमच्या मते मोठी चूक. याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे गट चालवणाऱ्या दादाने ‘तू सांग, इथली गोष्ट बाहेर जाणार नाही’ असं म्हणणंच चुकीचं. पहिल्याच बैठकीत नियम सांगायचा: घरचं भांडण, परीक्षेची भीती, व्यसन इथंच राहील; अठराच्या आतल्या कुणाच्याही लैंगिक संबंधाची किंवा अत्याचाराची गोष्ट कळली तर ती कळवावी लागेल. उशिरा सांगितलं तर मुलाला दगा वाटतो आणि त्याच्यामागोमाग चार जण गळतात.

शब्दाच्या ढिलाईचा दुसरा फटका गट पाडताना बसतो. ‘किशोर गट’ म्हणून तेरा आणि सतरा वर्षांचे एकत्र बसवले की धाकटे गप्प होतात आणि थोरले चेष्टेवर उतरतात. दोन वर्षांहून जास्त अंतर नको, आठ-दहा जण पुरे, आठवड्याला दीड तास. वेळ पाळी बदलण्याच्या आसपास ठेवू नये: बापाचा डबा पोचवायला निम्मी पोरं उठून जातात.