‘पासवर्ड एन्क्रिप्ट केलाय, सर’: हॅशिंग वेगळं, एन्क्रिप्शन वेगळं

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची ओरल. मुलगा डेटाबेस उघडून पासवर्डचा रकाना दाखवतो. आत अगम्य अक्षरांची माळ.

“एन्क्रिप्ट केलाय, सर.”
“कशाने?”
“एमडी-५ने.”
“बरं. मग किल्ली कुठे ठेवलीस?”

यावर तो पार्टनरकडे बघतो आणि पार्टनर खिडकीबाहेर.

एमडी-५ ही हॅशिंगची पद्धत, एन्क्रिप्शनची नव्हे. पण पोरांना फार बोल लावण्यात अर्थ नाही. दोन्ही गोष्टी एकाच विषयात शिकवल्या जातात आणि दोन्हींतून निघणारा गिचमिड मजकूर सारखाच दिसतो. भरीला ‘एमडी-५ डिक्रिप्ट करा’ म्हणणाऱ्या साइट आहेतच. त्या काहीही डिक्रिप्ट करत नाहीत. नेहमीच्या शब्दांचे हॅश (हॅशिंगमधून निघणारा मजकूर) आधीच काढून ठेवलेले असतात, त्या यादीत तुमचा सापडतो का एवढंच बघतात.

एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. किल्ली असेल तर मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. २००१ पासून अमेरिकेचं सरकारी मानक असलेलं एईएस घ्या: १२८, १९२ किंवा २५६ बिटांची किल्ली, आणि सगळी गुप्तता त्या किल्लीवर. हॅशिंगला किल्लीच नाही. ते दळण आहे. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. पाच किलो गव्हाचं पीठ पाच किलोच्या आसपास भरतं, पण हॅशिंगच्या एसएचए-२५६ या पद्धतीला एक अक्षर द्या नाहीतर तीन तासांचा सिनेमा, बाहेर २५६ बिटच येणार. सिनेमातला एक बिट बदलला तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो.

मग कधी काय वापरायचं? मूळ मजकूर परत वाचायचाय का, एवढंच विचारा. रुग्णाचा रिपोर्ट डॉक्टरांना वाचायचा असतो, तिथे एन्क्रिप्शन. पासवर्ड सर्व्हरला वाचायचा नसतो. आज टाइप केलेला ठेवलेल्याशी जुळतो का, हेच बघायचं असतं. तिथे हॅश. (‘फरगॉट पासवर्ड’ दाबल्यावर एखादी साइट तुमचा जुना पासवर्डच मेलवर पाठवत असेल, तर तिथून खातं काढून घ्या.)

चुकीची निवड किती महागात पडते ते अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीतल्या २०१३च्या डेटाचोरीने दाखवलं. त्यांनी पासवर्ड ट्रिपल डीईएसने एन्क्रिप्ट केले होते, सगळे एकाच किल्लीने आणि ईसीबी पद्धतीने. त्यामुळे ज्यांचा पासवर्ड सारखा, त्यांच्या ओळीही सारख्या. बाजूला लोकांनी स्वतःच लिहिलेले ‘हिंट’, तेही उघडे. किल्ली हाती न लागताही अभ्यासकांनी शब्दकोड्यासारखे पासवर्ड ओळखले. सर्वांत लाडका निघाला १२३४५६.

पण नुसतं हॅश केलं म्हणजे झालं असंही नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. एसएचए-१ वापरलं होतं, पण त्यात सॉल्ट नव्हतं. सॉल्ट म्हणजे शब्दशः मीठ: दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात मिसळलेली वेगळी चिमूट. ती असली की दोघांचा पासवर्ड एकच असूनही हॅश वेगळे येतात आणि आधी तयार केलेल्या याद्या कुचकामी ठरतात. युनिक्समध्ये ही युक्ती १९७०च्या दशकापासून आहे, म्हणून लिंक्डइनचं जास्त वाईट वाटतं. शिवाय एसएचए झपाट्याने चालतं, आणि पासवर्डसाठी तो अवगुणच, कारण चोरालाही एकेक अंदाज झपाट्याने तपासता येतो. १९९९चं बीक्रिप्ट किंवा २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेलं आर्गॉन२ मुद्दाम हळू चालतं.

आणखी एक गैरसमज हमखास भेटतो: ‘मोबाइल नंबर हॅश केलेत, म्हणजे डेटा निनावी झाला.’ भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ने. म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं. पिठाचे गहू करता येत नाहीत हे खरं, पण गहू मोजकेच असतील तर एकेक दळून जुळवता येतात.

लपवायचं काहीच नसतानाही हॅश लागतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा बघा. त्यातलं नाव, क्षेत्र, बोजा, सगळं उघड वाचता येतं. पण त्या मजकुराचा हॅश काढून, त्यावर सही करणाऱ्याकडेच असलेल्या खासगी किल्लीने सही केलेली असते. कुणी फाइलमध्ये बोज्याच्या रकमेतलं एक शून्य खोडलं, तर हॅश जुळत नाही आणि सही बाद होते. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘हॅश फंक्शन’ हा शब्द आला तो याच कामासाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच आहे. कोणत्या पद्धतीने काढला त्यावर खूण करायची: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा अन्य. २००४ मध्येच ज्याची टक्कर करून दाखवली गेली, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश आणून दाखवला, ते एमडी-५ अजून त्या यादीत आहे. ते का, हाच ओरलमध्ये आता पुढचा प्रश्न विचारतो.