ग्राफ एपीआयचा कोड १००: पॅरामीटर चुकलाय की परवानगी नाही?

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ग्राफ एपीआयकडून (तिथला डेटा आपल्या अॅपला देणारी मेटाची सेवा) कोड १०० हा एरर आला, की बहुतेक जण पॅरामीटरचं स्पेलिंग तपासत बसतात. पण हा एकच आकडा दोन वेगळ्या दुखण्यांवर येतो. म्हणून लॉगमध्ये पूर्ण एरर उतरवा: मेसेज, टाइप, कोड आणि मुख्य म्हणजे सबकोड (नेमकं कारण सांगणारा जोड आकडा).

मेसेज एखाद्या नावावर बोट ठेवत असेल (अमुक फील्ड या नोडवर, म्हणजे यूझर किंवा पेजसारख्या घटकावर, नाही; अमुक पॅरामीटर हवाच), तर चूक तुमच्या रिक्वेस्टमध्येच आहे. यूझरवर पेजचं फील्ड मागितलेलं असतं, किंवा यूआरएलमधलं व्हर्जन बदलल्यावर जुनं फील्ड गेलेलं असतं. मागितलेल्या फील्डच्या यादीत फक्त आयडी ठेवा आणि एकेक फील्ड वाढवत न्या. कॉल ज्यावर अडेल, ते दोषी. मजकुरातला '&' एन्कोड करायला (यूआरएलला चालेल अशा रूपात बदलायला) विसरू नका. नाहीतर 'चहा & भजी'तला फक्त चहा पोचतो, आणि बहुधा एररही येत नाही. कर्लमध्ये (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) यासाठी डेटा-यूआरएलएन्कोड हा पर्याय आहे.

सबकोड ३३ असेल तर स्पेलिंग सोडून द्या. मेसेज 'अनसपोर्टेड गेट रिक्वेस्ट' असा सुरू होतो आणि तीन शक्यता एका दमात सांगतो: त्या आयडीचं काही नाही, परवानगी नाही, किंवा ही क्रिया त्यावर चालत नाही. आधी टोकन (कॉल कोणाच्या वतीने आणि कोणत्या परवानगीने होतोय हे सांगणारी किल्ली) मेटाच्या टोकन डीबगरमध्ये टाका. ते यूझरचं आहे की पेजचं, हवी ती परवानगी त्यात आहे का, आणि लॉगिन करताना तेच पेज निवडलं होतं का, हे बघा. परवानगी कमी पडली तर लॉगिन करून ती पुन्हा मागा आणि नव्या टोकनने कॉल करा. टोकनची मुदत संपली असेल तर कोड १९० येतो, १०० नाही.

टोकन ठीक निघालं, तर आयडीचा एकेक अंक जुळवा. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटचा आयडी बहुधा १७८४१ने सुरू होणारा १७ अंकी असतो. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१पर्यंतच बिनचूक राहतात. आयडीचा नंबर केलात की शेवटचा विषम अंक गुपचूप सम होतो, आणि तुम्ही भलत्याच खात्याला हाक मारता. एक्सेल तर १५ अंकांपुढे सरळ शून्यं भरतं. आयडी कायम स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, म्हणूनच ठेवा. शीटमधला तो कॉलम, आयडी पेस्ट करण्याआधीच, टेक्स्ट करून घ्या.