नुसतं ‘ए४’ म्हणू नका
मॉडेलची ऑर्डर देण्याआधी एकदा वाचा

मध्यंतरी एक चिठ्ठी आली: ‘ए४ करून हवं. रंग चंदेरी.’ आम्ही ऑडी मोटार समजून कामाला लागलो. दोन दिवसांनी चाकांबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘मधली सहा मोठी, बाकीची लहान.’ गिऱ्हाइकाला हवं होतं वाफेचं इंजिन! आधी विचारलं नाही ही चूक आमचीच, पण रंगानेही दगा दिला. १९३५ साली आलेलं पहिलं ए४ इंजिन ‘सिल्व्हर लिंक’ खरोखरच चंदेरी-करडं होतं. हे पत्रक त्या दोन वाया गेलेल्या दिवसांची कमाई आहे.

अशी अक्षर-आकड्यांची नावं म्हणजे कुणाच्या तरी यादीतला अनुक्रम असतो. यादी बदलली की वस्तू बदलते.

ब्रिटनच्या एलएनईआर रेल्वेत ‘ए’ म्हणजे चाकांची एक रचना: पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन. त्या रचनेतला चौथा वर्ग तो ए४. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून अशी ३५ इंजिनं बांधली गेली. त्यातल्या ‘मॅलार्ड’ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला, वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. इंजिन हवं असेल तर नाव आणि साल दोन्ही कळवा. चाकांवरचे निमुळते झाकणपत्रे दुरुस्तीच्या सोयीसाठी युद्धकाळात काढून टाकले होते, त्यामुळे १९३८चं इंजिन आणि १९४८चं इंजिन सारखं दिसत नाही. धुरांड्याचंही तसंच. मॅलार्डला जोडधुरांडं जन्मापासून, पण बहुतेक भावंडांना ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिळालं. १:७६ प्रमाणात टेंडरसह (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) हे मॉडेल साधारण २८५ मिलिमीटर भरतं. ए४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे ए४ वर ए४ जेमतेम मावतं. आम्ही मापून पाहिलंय.

विमानाची गोष्ट जास्त गुंत्याची. डग्लस कंपनीचं स्कायहॉक १९५४ साली पहिल्यांदा उडालं, तेव्हा अमेरिकी नौदल त्याला ‘ए४डी’ म्हणत असे: हल्ल्याचं विमान म्हणून ए, डग्लसचं त्या प्रकारातलं चौथं म्हणून ४, आणि डग्लसचा डी. १९६२ साली तिन्ही दलांची नामपद्धत एक झाली आणि ते ‘ए-४’ झालं. आता उपप्रकार अक्षरांनी ओळखायचे: ए-४ए, ए-४बी, ए-४सी आणि मग थेट ए-४ई. जुन्या ए४डीशी घोळ होऊ नये म्हणून डी गाळलाच. तेव्हा तुम्ही ‘ए४डी’ लिहिलंत तर आम्ही १९६२ पूर्वीचं विमान धरणार. पाठीवरचं कुबड एफ प्रकारापासून आलं, पण काही ई विमानांवरही ते नंतर बसवलेलं दिसतं. म्हणून फोटो पाठवाच. पंख मिटवता येणारं मॉडेल मात्र मागू नका. मूळ विमानाचे पंखच मिटत नव्हते. टोकापासून टोकापर्यंत ८.३८ मीटर एवढेच असल्याने विमानवाहू जहाजावर त्याची गरजच पडली नाही.

तिसरं ए४ म्हणजे जर्मन रॉकेट. जग त्याला व्ही-२ म्हणून ओळखतं. ए४ हे अभियंत्यांमधलं नाव, ‘अग्रेगाट’ मालिकेतलं चौथं. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडेहून त्याचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. काळे-पांढरे चौकोन चाचणीच्या रॉकेटांवर असत, उडताना ते स्वतःभोवती किती फिरतं हे चित्रीकरणात दिसावं म्हणून. ‘लंडनवर पडलेलं, पण चौकटींचं’ अशी मागणी येते. ते रंगकाम आम्ही करत नाही. या रॉकेटांच्या जोडणीसाठी मिटेलबाउ-डोरा या नाझी छळछावणीतल्या कैद्यांना राबवलं गेलं. मॉडेलच्या बैठकीवरच्या पट्टीवर तो उल्लेख असतोच आणि तो काढून मिळत नाही.

मोटारीचं सोपं आहे. ऑडी ८० ची जागा घेत ए४ १९९४ साली आली. पिढी बी५ ते बी९ पैकी कुठली आणि सेडान की अवांत (म्हणजे स्टेशन वॅगन), एवढं पुरे.

लंडनहून पश्चिमेला एव्हनमथकडे जाणारा रस्ताही ए४, आणि वाद्यं जुळवताना धरतात तो ४४० हर्ट्झचा स्वरही ए४. त्यांची मॉडेलं करत नाही, पण कुणी मागितली तर आता नवल वाटणार नाही.

तेव्हा ऑर्डरमध्ये वस्तू कोणती, कुणाची, कुठला उपप्रकार, कुठल्या सालातली आणि मॉडेल कोणत्या प्रमाणात हवं ते लिहा. यातलं काही ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा आणि असेल तो फोटो जोडा, अंदाजाने भरू नका. काम सुरू करण्याआधी आम्ही रेखाचित्र पाठवतो. त्यावर तुमचा होकार आल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाही.