तलावाची सफाई आणि दोन टक्क्यांचा घोळ

सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकाठी एखाद्या कंपनीची माणसं हातमोजे घालून ओलं निर्माल्य पोत्यात भरताना दिसली, की कुणीतरी म्हणतंच, "पगाराचे तास सीएसआरमध्ये दाखवायला आलेत की ओ!"

चूक. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानं सामाजिक कामांवर करायचा खर्च, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के. कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाचे तास रुपयांत मोजून त्या दोन टक्क्यांत धरता येत नाहीत. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलंय. अफवा अगदीच निराधार नव्हती म्हणा: जून २०१४ च्या परिपत्रकात ती मुभा होती, सप्टेंबरातच काढली. लोकांच्या डोक्यातून मात्र अजून निघाली नाही!

आणि ५ कोटींच्या आत नफा असलेल्या लहानशा चादर-टॉवेल कारखान्याला तर सीएसआरची सक्तीच नाही. तिथला मालक कामगारांना श्रमदानासाठी भरपगारी अर्धा दिवस देत असेल, तर तो त्याच्याच खिशातून.