स्कॅरट, एमिली

स्कॅरट, एमिली : (८ फेब्रुवारी १९९०). इंग्लंडच्या महिला रग्बी युनियन (पंधरा जणींचे रग्बी) संघाची माजी खेळाडू. सेंटर (मधल्या फळीतील जागा) आणि फुलबॅक (सर्वांत मागची जागा) या दोन्ही जागांवर त्या खेळल्या. गोलवर किक मारण्याची जबाबदारीही बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असे. ११९ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ७५४ गुण करून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा इंग्लंडच्या महिला संघातर्फे सर्वाधिक गुणांचा विक्रम त्यांच्या नावावर होता.

जन्म लेस्टरचा. लहानपणीच रग्बी हाती आले, तरी बास्केटबॉलमध्येही त्यांना चांगली गती होती. अमेरिकेतील बास्केटबॉल शिष्यवृत्ती त्यांनी नाकारली. २००८ मध्ये अमेरिकेविरुद्ध पदार्पण करून पहिल्या १२ सामन्यांत १२ ट्राय (प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे, पाच गुण) केल्या. २०१० चा विश्वचषक इंग्लंडमध्येच झाला. अंतिम सामना मात्र न्यूझीलंडने १३-१० असा जिंकला.

त्यांच्या खेळाचे मर्म २०१४ च्या विश्वचषकाच्या पॅरिसमधील अंतिम सामन्यात दिसते. कॅनडाने पिछाडी भरून काढत गुणफलक ११-९ वर आणला होता. अशा वेळी स्कॅरट यांनी आधी पेनल्टी (प्रतिस्पर्ध्यांच्या नियमभंगाबद्दल मिळणारी गोलवरची किक, तीन गुण) साधली, मग शेवटच्या टप्प्यात बचाव फोडून स्वतःच ट्राय केली आणि तिचे कन्व्हर्जनही (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) केले. इंग्लंडच्या २१ गुणांपैकी १६ त्यांचे, आणि शेवटचे दहा तर सगळेच. धावून ट्राय करणाऱ्या खेळाडू पुष्कळ असतात, टीवर (चेंडू उभा ठेवण्याच्या छोट्या आधारावर) चेंडू ठेवून शांतपणे किक मारणाऱ्याही असतात. दोन्ही कामे एकीनेच करावीत, तीही धाप लागलेली असताना, हे दुर्मिळ. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्विकनहॅमवर फ्रान्सविरुद्धचा सामना इंग्लंडने २५-२३ असा जिंकला, तोही त्यांच्या अगदी शेवटच्या पेनल्टी किकवर.

विश्वविजेत्या झाल्या तेव्हा महिला रग्बीत पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती. त्या विजयानंतर इंग्लंडच्या रग्बी संघटनेने २० खेळाडूंना व्यावसायिक करार दिले, पण भर होता सात जणींच्या रग्बीवर, कारण ऑलिंपिक जवळ आले होते. स्कॅरट तिकडे वळल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या ग्रेट ब्रिटनच्या कर्णधार होत्या. संघ चौथा आला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडला कांस्यपदक मिळाले. मधल्या काळात, २०१७ च्या विश्वचषकानंतर, पंधरा जणींच्या संघाचे करार संघटनेने पुढे चालू ठेवले नाहीत. यावरून टीका झाली आणि ती रास्तच होती. जानेवारी २०१९ पासून २८ जणींना पूर्णवेळ करार मिळाले. त्याच वर्षी स्कॅरट रग्बीच्या जागतिक महासंघाच्या वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरल्या.

विश्वचषकाने मात्र त्यांना नंतर बराच काळ हुलकावणी दिली. २०१७ चा अंतिम सामना न्यूझीलंडने ४१-३२ ने घेतला. करोनामुळे लांबून २०२२ मध्ये झालेल्या स्पर्धेत इंग्लंड सलग ३० विजयांची मालिका घेऊन ऑकलंडच्या अंतिम सामन्यात उतरले. १८ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाल्याने तासाभराहून अधिक वेळ संघ १४ जणींनिशी खेळला, आणि अखेरच्या क्षणी गोलरेषेजवळचा लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून आत फेकलेल्या चेंडूसाठीची झुंज) न्यूझीलंडने हिसकावला : ३४-३१. पुढे मानेच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि दीर्घ काळ मैदानाबाहेर राहावे लागले. खांद्याला खांदा भिडण्याच्या या खेळात मानेच्या शस्त्रक्रियेनंतर परतणे साधी गोष्ट नव्हे. २०२४ मध्ये त्या परतल्या.

२०२५ मध्ये मायदेशी झालेल्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात त्या बदली खेळाडू म्हणून उतरल्या आणि पाच विश्वचषक खेळणारी इंग्लंडची पहिली खेळाडू ठरल्या. अंतिम सामन्याच्या चमूत त्या नव्हत्या. ट्विकनहॅमवर ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ ने हरवले, तो महिला रग्बीतील गर्दीचा विक्रम होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर करून स्कॅरट प्रशिक्षणाकडे वळल्या. क्लब पातळीवर त्या लिचफील्ड आणि लफबरो लाइटनिंगकडून खेळल्या.