नेटवर्क फाइल शेअरिंग : विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस यांच्यात

एका संगणकावरचे फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला आपल्याच डिस्कवर असल्यासारखे वापरता यावे, यासाठीची व्यवस्था. दोन्हीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या असल्या तर दोघींना कळणारा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम, लागतो, आणि तो बहुतेक वेळा एसएमबी (सर्व्हर मेसेज ब्लॉक) किंवा एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) असतो. एसएमबीची सुरुवात १९८३ मध्ये आयबीएममध्ये झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. एनएफएस १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणला. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या मोफत सॉफ्टवेअरमुळे युनिक्स आणि लिनक्सवरही एसएमबी चालू लागला. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅक आवृत्तीपासून स्वतःचा एएफपी हा प्रोटोकॉल मागे ठेवून एसएमबी २ ला पहिली पसंती दिली. म्हणून मिश्र नेटवर्कवर एसएमबीच निवडावा.

मांडणी : लिनक्स सर्व्हरवर सांबाच्या एसएमबी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये शेअरचे नाव, फोल्डरचा मार्ग, कोणाला प्रवेश आणि लिहिण्याची मुभा एवढे नोंदवले की मूळ काम होते. सेवा पुन्हा सुरू करण्याआधी टेस्टपार्म ही आज्ञा चालवावी, ते फाइलमधल्या चुका दाखवते. सांबा आपले पासवर्ड वेगळे ठेवतो. लिनक्सवर खाते असले तरी एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने ते सांबात जोडल्याशिवाय लॉगिन होत नाही. मॅकवर फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये विंडोजसाठी प्रत्येक खात्यावर वेगळी खूण करून पासवर्ड द्यावा लागतो, आणि ही पायरी अनेकदा विसरली जाते. विंडोजवर शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवरील फाइलप्रणालीची) परवानगी असे दोन थर असतात. त्यांतला अधिक कडक थर लागू होतो, त्यामुळे शेअरवर पूर्ण मुभा देऊनही फाइल केवळ वाचता येते असे घडते. विंडोजमध्ये पिन टाकून आत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नेटवर्कवर पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो.

दोष शोधणे : संगणक यादीत दिसणे, त्याच्यापर्यंत पोहोचणे, त्याने आपल्याला ओळखणे आणि फाइलला हात लावू देणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की तासन्‌तास वाया जातात. नेटवर्क यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणजे शेअरिंग बिघडले, असे नाही. नेटवर्कवरची यंत्रे शोधण्यासाठी विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही पद्धत वापरते, मॅक बॉंजूर वापरतो, आणि सांबा स्वतः यांपैकी पहिले करत नाही. लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी (विंडोजसाठी) आणि अवाही (मॅकसाठी) हे प्रोग्रॅम बसवले की नाव दिसू लागते. तोवर आयपी पत्ता थेट टाकून पाहावे. पत्त्याने उघडले आणि नावाने नाही, तर दोष नावात आहे.

पत्त्यानेही उघडले नाही तर टीसीपी पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबी ज्यातून बोलतो ते नेटवर्कचे दार, खुला आहे का ते तपासावे. पिंगला (यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या संदेशाला) उत्तर न येणे हा पुरावा नव्हे, कारण फायरवॉल पिंग अडवून पोर्ट खुला ठेवू शकते. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठरलेले असेल तर शेअरिंग सहसा बंद असते, ते 'प्रायव्हेट' करावे. पोर्ट खुला असूनही लिनक्सवर 'होस्ट इज डाउन', त्रुटी ११२, येत असेल तर मशीन बंद असेलच असे नाही. दोन्हीकडचे एसएमबी आवृत्तीवर एकमत झालेले नसते. याचे कारण बहुधा एसएमबी १ बंद असणे हे असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबी १ मधल्या छिद्रातून जगभर शिरकाव केला. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ आपोआप बसत नाही, आणि २०१९ च्या सांबा ४.११ मध्येही तो मुळात बंद ठेवला गेला. जुन्या स्कॅनरसाठी तो पुन्हा चालू करणे हा चुकीचा उपाय आहे. उपकरणाचे फर्मवेअर (त्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलावे किंवा दुसरा मार्ग शोधावा.

लॉगिनवर अडले तर आधी जुने साठवलेले पासवर्ड पुसावेत. विंडोज एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही आणि त्रुटी १२१९ देते. विंडोज ११ च्या २४एच२ प्रो आवृत्तीत एसएमबी संदेशांवरची डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली आणि पासवर्डशिवायचा 'गेस्ट' प्रवेश बंद झाला, त्यामुळे आधी नीट चालणारे अनेक नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवण उपकरणे) उघडेनासे झाले. नॅसवर खरे खाते उघडावे, सक्ती उठवू नये.

लॉगिन होऊनही फाइल उघडत नसेल तर लिनक्सवर वरच्या प्रत्येक फोल्डरला 'एक्स' (आत शिरण्याची) परवानगी आहे का ते पाहावे. एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था चालू असल्यास फोल्डरला सांबाचे लेबलही लागते.

एनएफएस वापरताना : सर्वसाधारण मांडणीत एनएफएस नाव नव्हे, वापरकर्त्याचा क्रमांक पाहतो. लिनक्सवर पहिला वापरकर्ता बहुधा १०००, मॅकवर ५०१. म्हणून तोच माणूस दोन यंत्रांवर परका ठरतो. सर्व्हरवरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये, जिथे कोणाला कोणती मुभा हे लिहितात, पत्ता आणि कंस यांच्यात एक जागा सुटली तर कंसातली मुभा त्या पत्त्याला नव्हे, सगळ्यांनाच मिळते. मॅकवरून जोडणी नाकारली गेली तर 'रेझव्हपोर्ट' पर्याय द्यावा, कारण मॅक सहसा १०२४ च्या वरच्या पोर्टवरून बोलतो आणि अनेक सर्व्हर त्याखालचाच पोर्ट मागतात.

फाइलनावे : अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हे विंडोजला चालत नाहीत. सांबा अशी नावे तोडून विचित्र रूपात दाखवतो. मराठी नावांत 'ऱ' चा त्रास खास आहे. युनिकोडमध्ये ते एक अक्षर म्हणून लिहिता येते किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा जोडीने. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली जोडी साठवते, विंडोजचा कीबोर्ड बहुधा एकच अक्षर लिहितो. डोळ्यांना दोन्ही नावे सारखी, लिनक्सला मात्र वेगळी. 'दऱ्या' नावाच्या दोन फाइली शेजारी दिसल्या तर कॉन्व्हएमव्ही या प्रोग्रॅमने सगळी नावे एनएफसी (एकच अक्षर असलेल्या) रूपात आणावीत, आणि आधी चाचणी म्हणून चालवून काय बदलणार ते पाहून घ्यावे.