बाळाचा बसलेला आवाज आणि गळ्यावरचा प्रोब

हृदयाची शस्त्रक्रिया नीट पार पडते, व्हेंटिलेटर निघतो, आणि बाळ रडू लागतं तर आवाजच फुटत नाही. दूध पाजलं की ठसका लागतो. घशात नळी होती म्हणून आवाज बसला असेल, असं आईला वाटतं आणि पुष्कळदा तसंच असतं. पण कधी कधी डावा स्वरतंतू हलायचा थांबलेला असतो. ते गळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, ठेवूनही पाहता येतं.

कारण शरीराच्या रचनेतच आहे. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस, म्हणजे मज्जातंतू, आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि मग उलटी वर चढून स्वरयंत्रात पोचते. त्या वळणाला लागूनच डक्टस असते, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी अशी रक्तवाहिनी. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बोस्टनला सात वर्षांच्या मुलीची डक्टस यशस्वीपणे बांधली. तेव्हापासून ही नस सर्जनच्या वाटेत उभी आहे; तिला इजा झाली की स्वरतंतू हलत नाही. खारघरला २०१८ पासून लहान मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होतात, त्यामुळे हा विषय नवी मुंबईकरांच्या अगदी दाराशी आला आहे.

स्वरतंतू आरशात पाहायची रीत रूढ झाली ती एका गायनशिक्षकामुळे. १८५४ मध्ये या शिक्षकाने, मानुएल गार्सिया यांनी, दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. तान्ह्या बाळाच्या घशात असा आरसा धरणार कसा? जपानमध्ये १९६८ मध्ये सावाशिमा आणि हिरोसे यांनी नाकातून घालायची लवचिक दुर्बीण वापरात आणली. आजही निदानाचा भरवसा तिच्यावरच आहे. मात्र नुकत्याच सावरलेल्या बाळाच्या नाकात ती घालायची म्हणजे डॉक्टरांचाही हात जपूनच चालतो.

दुसरी वाट सोनोग्राफीची. हर्ट्झ नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ध्वनिलहरींनी स्वरतंतूंची कंपनं नोंदवली होती. मोठ्यांमध्ये गळ्याची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ असलेला भाग, वयानुसार कठीण होते आणि लहरी अडतात. मुलांची कूर्चा मऊ असते, म्हणून ही तपासणी त्यांच्यात जास्त सोपी. फ्रान्समध्ये कॅथरीन गारेल यांनी १९९० च्या सुमारास बालकांच्या स्वरयंत्राची सोनोग्राफी बारकाईने मांडली.

आपल्याकडे मात्र सोनोग्राफीची गोष्ट मुलींच्या जिवाशी जोडलेली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या. यंत्रांवर कडक नोंदणी आली, २०१२ मध्ये हलवता येणाऱ्या यंत्रांवरही बंधनं आली. डॉक्टरांना त्याचा जाच होतो हे खरं. पण ते आकडे पाहिल्यावर त्या कागदपत्रांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. आणि नोंदणीकृत रुग्णालयात दाखल असलेल्या मुलाच्या खाटेशी यंत्र नेण्याची मुभा नियमांत आहेच.

तपासणीला भूल लागत नाही. बाळ आईच्या मांडीवर, गळ्यावर कोमट जेल, वर छोटा प्रोब. श्वास घेताना दोन्ही तंतू दूर होतात, रडताना जवळ येतात. एक जागचा हललाच नाही, तर दुर्बिणीने खात्री करतात. ती होईपर्यंत दूध कसं पाजायचं, हे त्याच दिवशी आईला सांगायला हवं, कारण ठसक्यातून दूध फुप्फुसात जाऊ शकतं.